पोळे हेच भांडवल

महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ असे नाव मिळाले. देशातले असे हे पहिलेच गाव. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखले जाणारे भिलारही याच तालुक्यात आहे. एका डोंगराळ तालुक्याने पाच वर्षांत महाराष्ट्राला अशी दोन गावे द्यावीत, याचे मला फार कौतुक वाटते. मांघरच्या बहुतेक घरांत मधमाशा पाळल्या जातात आणि पाटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून पाळल्या जात होत्या. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. मधपाळांना प्रशिक्षण देणे, पेट्यांसाठी अनुदान देणे आणि तयार मध हमी भावाने विकत घेणे ही त्याची कामे. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगावही मधाचे गाव झाले.

घरी एखादी पेटी ठेवावी असे मनात आलेल्या सातारा-सांगलीकडच्या माणसासाठी हे प्रकरण आहे. त्याच घरात कपाटाच्या तळाशी उरलेल्या लोकरीची पिशवी असेल, तर तिच्यासाठीही. या दोन छंदांचा एकमेकांशी संबंध काय, ते पुढे येईलच. आधी माशी.

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्या चार-पाच जातींच्या. कड्यावर, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे उघडे पोळे लटकवते ती आग्या. तिला पेटीत कोंडता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे बांधते ती फुलोरी. भिंतीच्या भोकात राहणारी, डंख नसलेली बारीक पोया. चौकटींच्या पेटीत राहायला तयार होतात त्या दोनच, आपली सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. मेलिफेरा भारतात १९६० च्या दशकात, हिमाचलातल्या नगरोटा भागात रुजली. आज उत्तरेतले मधाचे मोठे व्यवसाय तिच्यावर चालतात, कारण एका पेटीतून ती पंचवीस-तीस किलो मध सहज देते. सातेरी वर्षाला पाच ते दहा किलोच देते.

तरीही घरच्या पेटीत सातेरीच असावी, असे माझे ठाम मत आहे. ती इथलीच आहे. झाडाच्या ढोलीत, दगडी बांधाच्या पोकळीत, पडक्या भिंतीत ती आपणहून राहते. जगभरच्या मेलिफेराला पोखरणारी व्हरोआ ही गोचिडीसारखी कीड मूळची सातेरीचीच, आणि म्हणूनच सातेरी तिला अंगावरून ओढून काढून टाकायला शिकलेली आहे. गांधीलमाशी दाराशी आली, तर पूर्वेकडच्या देशांतली हिची भावंडे शेकडोंनी तिच्याभोवती गोळा होतात, पंखांचे स्नायू थरथरवून आतली उष्णता सेहेचाळीस अंशांच्या वर नेतात आणि तिला भाजून मारतात. सातेरी मेलिफेरापेक्षा कमी दूर जाते, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत. घरी पाळणाऱ्याला यात सोय आहे. आपल्या माश्या कोणत्या फुलांवर जातात, हे गावात फिरून पाहता येते.

तिचे अवगुणही सांगायला हवेत. सातेरी रुसते. भूक लागली, मुंग्या चढल्या, पेटी वारंवार उघडली, मेणकिडा लागला, की ती एके दिवशी सगळे पोळे टाकून निघून जाते. मेलिफेरासारखा झाडांचा डिंक आणून पेटीच्या फटी बुजवण्याची तिला सवय नाही. त्यामुळे फटीतून मेणकिड्याचा पतंग आत शिरतो, अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या जाळी विणत पोळे पोखरून टाकतात. १९९१-९२ मध्ये केरळात थायी सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती मेल्या. तो रोग इतर राज्यांतही पोचला. एका घरात दोन पेट्या ठेवाव्यात असे जाणते लोक सांगतात, ते यासाठीच. एक वसाहत गेली तरी दुसरीतून विभाजन करून पुन्हा उभी करता येते.

वसाहत मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे रानातले मोहोळ पेटीत आणणे. हे काम जाणत्या मधपाळाबरोबर एकदा तरी पाहावे, कारण सगळे मधमाशीपालन त्या तासाभरात समजते. ढोलीतून पोळी एकेक करून अलगद कापून काढतात. मधाचा भाग वेगळा केला जातो. अंडी, अळ्या आणि कोष असलेला भाग लाकडी चौकटीत बसवून दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधतात. राणी सापडली की ती पेटीत जाते आणि तिच्यामागून बाकीच्या माश्या. दोन-चार दिवसांत माश्या पोळे मेणाने चौकटीला जोडतात आणि निरुपयोगी झालेला दोरा कुरतडून, धागाधागा दारातून बाहेर टाकतात. क्रोशाचा उरलेला पांढरा सुती दोरा इथे फार उपयोगी पडतो. तंतू सुटणारी फुगीर लोकर मात्र इथे चालत नाही.

आता पेटी. लाकडी तळपाट, त्यावर शिशुकक्ष, त्यावर मधकक्ष, आतले झाकण आणि वर छप्पर. आत उभ्या चौकटी टांगलेल्या. दिसायला साधी पेटी, पण तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातले तीन शोध आहेत. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात आले, की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांच्यामध्ये सहा ते नऊ मिलिमीटर जागा सोडली, तर माश्या ती वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून कमी जागा मेलिफेरा डिंकाने बुजवते आणि जास्त असेल तर तिथे नवे पोळे बांधते. ही वाट राखून त्याने १८५२ मध्ये काढता-घालता येणाऱ्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. १८५७ मध्ये जर्मनीत मेहरिंगने षटकोनांचे ठसे उठवलेला मेणपत्रा केला. तो चौकटीत लावला की माश्या त्यावरच सरळ घरे उभारतात. आणि १८६५ मध्ये ऱ्हुश्काने फिरत्या पिंपात चौकट गरगर फिरवून, पोळे न मोडता मध बाहेर काढण्याचे यंत्र दाखवले.

पोळे न मोडता. या तीन शब्दांत जुन्या आणि नव्या मध काढण्यातला सगळा फरक आला. पूर्वी, आणि रानात अजूनही बऱ्याच ठिकाणी, पोळे तोडून हातांनी पिळतात. त्यात मध येतो, अळ्यांचा चीक येतो, परागकण येतात आणि घर जाते. यंत्रातून काढलेल्या चौकटीतले पोळे रिकामे पण धडधाकट असते. ते त्याच दिवशी पेटीत परत जाते.

घर जाण्याचा तोटा किती, हे मेणाच्या हिशोबातून कळते. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असते, तेव्हा तिच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून मेणाचे पातळ खवले पाझरतात. ती ते पायाने ओढून घेते, जबड्यात चावून मऊ करते आणि भिंतीला लावते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा अंदाज आहे. त्याच एका किलो मेणाच्या पोळ्यांत वीस किलोंहून जास्त मध साठतो. सातेरीची एक वसाहत वर्षाला पाच ते दहा किलो मध देते, हे या जोडीला आठवून पाहा. पोळे पिळणारा माणूस माश्यांची आख्ख्या हंगामाची मजुरी मातीत टाकतो. मधपाळ ज्याला उत्पन्न म्हणतो तो मध. पोळे हे त्याचे भांडवल आहे आणि भांडवल खायचे नसते.

इतक्या महाग मेणाची भिंत माश्या फार बारीक बांधतात. मेलिफेराच्या घराची भिंत मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते, सुमारे ०.०७ मिलिमीटर. सातेरीचे घर त्याहून थोडे लहान असते, रुंदीला पाच मिलिमीटरच्या आत. प्रत्येक घर आडवे न राहता तोंडाकडे किंचित वर उचललेले असते, म्हणून पातळ मधही सांडत नाही. आणि सगळी घरे षटकोनी.

षटकोनच का, हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरोने त्याची नोंद केली होती. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा गणिती पॅपस याने उत्तर सुचवले. फट न ठेवता फरशीसारखे एकाला एक लागणारे, भुजा आणि कोन दोन्ही समान असलेले आकार तीनच आहेत, त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. या तिघांत ठरावीक क्षेत्रफळ वेढायला सर्वांत कमी भिंत षटकोनाला लागते. एक चौरस सेंटिमीटरला त्रिकोण ४.५६ सेंटिमीटर भिंत मागतो, चौकोन ४ आणि षटकोन ३.७२. पण वेडेवाकडे, बाक असलेले आकारही फट न ठेवता बसवता येतात. त्यांपैकी एखादा षटकोनावर मात करील का? याचे पक्के उत्तर अमेरिकन गणिती टॉमस हेल्स याने १९९९ मध्ये दिले. नाही, कोणताच नाही. पोळ्यात जे रोज घडत होते, त्याचे उत्तर कागदावर यायला माणसाला इतकी शतके लागली.

हे घरी पाहायचे असेल तर एक रुपयाचे नाणे टेबलावर ठेवा आणि भोवती तशीच नाणी लावत जा. बरोबर सहा बसतात. ना सातवे मावते, ना सहांत फट उरते. एकाभोवती सहा, ही सपाट पृष्ठाची अटच आहे. आणि इथूनच लोकरीच्या पिशवीकडे वळता येते.

क्रोशाचे काम जिने केले आहे, तिला हा सहाचा आकडा हातांनी माहीत असतो. गोल सुरू करताना कड्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत बारा, त्यापुढे अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा टाके वाढवले तर काम टेबलावर सपाट पसरते. चारच वाढवले तर वाटीसारखे वर उचलले जाते, आणि कानटोपी अशीच करतात. दहा वाढवले तर कडा फ्रिलसारख्या लाटा घेतात. कारण सोपे आहे. प्रत्येक फेरी गोलाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढवते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ सहाहून थोडा जास्त वाढतो. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी, म्हणून सहा. साधा खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून तिथे बारांपासून सुरुवात. वाढवायचे टाके दर फेरीत इकडेतिकडे विखुरले तर गोल होतो, आणि सहा ठरावीक जागी एकावर एक घेतले तर कोपरे उमटून षटकोन तयार होतो. वाढ मुद्दाम जास्त ठेवून डायना टाइमिना या गणिती बाईंनी १९९७ मध्ये, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत असताना, सुई-लोकरीने कडेला लाटा घेणारे ‘हायपरबोलिक’ पृष्ठ विणून दाखवले. तोवर विद्यार्थ्यांना हाताळता येईल असे त्याचे टिकाऊ रूप नव्हते.

आपल्याकडे क्रोशा शाळेच्या शिवणकामाच्या तासातून, मिशनऱ्यांच्या वर्गांतून आणि शेजारणीकडून घरोघर पसरला. आंध्रातल्या नरसापूरला त्यातून मोठा हस्तव्यवसाय उभा राहिला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात कित्येक कुटुंबांनी क्रोशाची लेस विकून दिवस काढले. महाराष्ट्रात त्याची जागा रुखवतात होती, ताटावरचे रुमाल, तोरण, उशांचे अभ्रे. रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर पसरलेला जाळीचा रुमाल ज्या घरात नव्हता, असे घर एके काळी कमीच होते. या कामाला विणकामाच्या दुसऱ्या प्रकारांइतका मान मिळाला नाही, याची मला खंत आहे. दोन सुयांचे विणकाम कारखान्यातले यंत्र करू शकते. क्रोशाचे खरे काम अजूनही यंत्राला जमलेले नाही. बाजारातला क्रोशाचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

उरलेली लोकर कशात वापरावी याचे उत्तर मी तरी षटकोनच देईन. पिशवीत कुठे बाळाच्या टोपड्याची गुलाबी गुंडी, कुठे स्वेटरची उरलेली राखाडी, कुठे मफलरची मरून. एकाने काही मोठे होत नाही. पण षटकोन तळहाताएवढा असतो आणि एक गुंडी त्याला पुरते. एक षटकोन करण्याआधी आणि केल्यानंतर गुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावी, म्हणजे एका नगाला किती ग्रॅम लागतात ते कळते. मग पिशवीतल्या प्रत्येक रंगातून किती नग निघतील, याचा हिशोब आधीच मांडता येतो. शेवटची फेरी सगळ्या नगांना एकाच रंगाची ठेवली की विजोड रंगही एकमेकांत बसतात. आणि पोळ्यातले गणित इथेही लागू पडते. तितक्याच क्षेत्रफळाचे चौकोन जोडायला जेवढी शिवण लागेल, त्यापेक्षा षटकोनांना सुमारे सात टक्के कमी लागते. चौकोनाच्या पांघरुणाची कड मात्र सरळ येते. षटकोनांची दातेरी राहते आणि ती भरायला अर्धे नग करावे लागतात. माश्यांनाही यातून सुटका नाही. चौकटीच्या लाकडाला पोळे जिथे चिकटते, तिथली घरे पाहिली तर ती वेडीवाकडी, चार-पाच कोनांची असतात.

लोकर निवडताना एक काळजी घ्यावी. सातारा-सांगलीच्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. खरी लोकर, अ‍ॅक्रिलिक आणि सूत एकाच पांघरुणात मिसळले तर धुतल्यावर कोणी आकसते, कोणी तसेच राहते आणि सगळे काम ओढले जाते. बोटभर धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यावा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख चुरगळते. सूत कागदासारखे जळते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. अशा पांघरुणावर इस्त्री फिरवायची नाही, हेही त्यातूनच कळते.

पांघरुणाला सर्वांत मोकळा वेळ मिळतो तो पावसाळ्यात, आणि पेटीचे कामही तेव्हाच सर्वांत कमी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. जून ते ऑगस्ट माश्या फारशा बाहेर पडू शकत नाहीत. पेटी उघडली तर आतली ऊब जाते, म्हणून झाकण शक्यतो उचलायचे नाही. पण उपाशीही ठेवायचे नाही. साठा कमी वाटला तर साखर आणि पाणी समभाग उकळून, गार करून, संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावे. उघड्यावर ठेवले की मुंग्या येतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत. मे महिन्यात सगळा मध काढून घेणारा मधपाळ जुलैत रिकामी पेटी पाहतो, हे डोंगरातले लोक नवख्याला पहिल्याच वर्षी बजावतात.

साताऱ्याच्या पश्चिम भागात वर्षाचा मुख्य हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतो. जांभूळ, हिरडा, गेळा ही नावे तिथल्या मधाच्या बाटल्यांवरही दिसतात. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट. पावसाळा सरता सरता कारवी फुलते, पण ती सात-आठ वर्षांतून एकदाच. त्या वर्षी डोंगर जांभळे होतात आणि पेट्या भरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या स्ट्रॉबेरीचा आकारही माशीच्या हातात आहे. फळावर दिसणारा प्रत्येक पिवळा दाणा एका वेगळ्या स्त्रीकेसरातून होतो आणि ज्याला पराग मिळाला त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. फुलावर पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत, तर फळ एका अंगाला चिमटलेले राहते आणि ते बाजारात मागे पडते.

सांगलीकडे चित्र बदलते. पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास, पूर्वेला जत-आटपाडीकडे त्याहून कमी. कृष्णाकाठचा ऊस माश्यांच्या फारसा कामाचा नाही, तो तुऱ्यावर येण्याआधीच तुटतो. पण बांधावरचा शेवगा, करंज, कडुलिंब, माळावरची बोर आणि बाभूळ, शेतातला कांदा, सूर्यफूल, काकडीवर्गीय वेल यांवर एखाददुसरी पेटी नीट जगते. आटपाडी आणि जतच्या डाळिंब बागांना तर माश्या हव्याच असतात. डाळिंबाच्या झाडावर नरफुले आणि फळ धरणारी फुले अशी दोन्ही येतात, आणि माश्यांची ये-जा वाढली की फळधारणा वाढते. द्राक्षाचे तसे नाही. ते आपल्याच परागावर धरते. शहरात, म्हणजे विश्रामबाग किंवा मिरजेच्या एखाद्या गच्चीवर, पेटी ठेवायची झाली तर एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत तिला दुपारची सावली आणि खड्यांनी भरलेले उथळ पाण्याचे तसराळे हवे. खड्यांवर बसून माश्या पाणी पितात, बुडत नाहीत. तुळस लावा, भरपूर लावा. मंजिऱ्या आल्या की सकाळभर माश्या तिथे असतात.

शेजाऱ्यांशी आधी बोलणे हे पेटी आणण्याइतकेच महत्त्वाचे. दारासमोर दोनेक मीटरवर कुंपण किंवा वेलीचा पडदा केला की माश्या वर चढून मग उडतात आणि वाटेवरच्या माणसाच्या चेहऱ्याशी येत नाहीत. डंख झाला तर नखाने खरवडून लगेच काढावा. सूज येणे साहजिक आहे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठा धोका फवारणीचा आहे आणि तो सांगलीत साताऱ्याच्या डोंगरापेक्षा जास्त आहे. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात हंगामात वारंवार फवारण्या होतात. डाळिंबावरही होतात. इमिडाक्लोप्रिड, थायामिथॉक्झाम ही औषधे झाडाच्या रसातून फुलात पोचतात. त्यांनी माशी जागीच मेली नाही तरी परतीची वाट विसरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. आपल्याकडे शेतकऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. त्याच्या बागेवर कर्ज असते. त्याच्याशी ओळख ठेवून इतके मागता येते, की फुलोऱ्यात फवारू नका, आणि फवारणे भागच असेल तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना फवारा, आणि आदल्या दिवशी निरोप द्या. निरोप मिळाला तर रात्री पेटीच्या दाराला बारीक जाळी लावून दुसरा दिवस माश्या आत ठेवता येतात. हवा खेळती हवी, आत पाणी हवे आणि सावली हवी. एका दिवसापेक्षा जास्त कोंडू नये.

मध काढायचा तो मधकक्षातलाच, शिशुकक्षाला हात लावायचा नाही. चौकटीतली तीन चतुर्थांश तरी घरे मेणाच्या झाकणाने बंद झालेली असावीत. झाकण लावले म्हणजे पाणी पुरेसे उडाले, असा माश्यांचा निर्वाळा असतो. पातळ मध आंबतो. सातेरीचा मध मुळातच जरा पातळ, म्हणून इथे घाई अंगलट येते. पुढे बाटलीत मधाची साखर झाली तर तो भेसळीचा समजू नये. खरा मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. आणि एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना न दुखावता पण ठामपणे सांगावी लागते. बाळाला पहिल्या दिवशी मध चाटवण्याची रीत आपल्याकडे आहे, पण एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. मधात असू शकणारे बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू मोठ्यांना बाधत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. मध घरच्या पेटीतला असला तरी हा नियम बदलत नाही.

दोन-तीन वर्षे वापरलेले शिशुकक्षातले पोळे काळे पडते, घरे आतून आकसतात आणि मेणकिड्याला तेच आवडते. अशी पोळी एकेक करून बदलावीत, सगळी एकदम नाही. काढलेले पोळे, आणि मध काढताना सुरीने उतरवलेली झाकणे, गरम पाण्यात वितळवून सुती फडक्यातून गाळली की मेण वर येऊन थिजते. त्यातले बहुतेक पुन्हा मेणपत्र्याला द्यावे, म्हणजे माश्यांना तितके मेण कमी गाळावे लागते. थोडेसे मेण घरात ठेवावे. लाकडी किंवा बांबूची क्रोशाची सुई काही दिवसांनी खरखरीत होते आणि लोकर अडकते. तिच्यावर हे मेण चोळून सुक्या फडक्याने पुसले, की टाका पुन्हा सरसर निसटतो.